बुधवारचा कलाकंद

द्वारकाबाईंच्या नाकाची औरंगपुऱ्यात ख्याती होती. दुकानाचं शटर अर्धं वर गेलं की पायरीवर उभ्या राहूनच त्या सांगायच्या, आतल्या कोणत्या ट्रेचा आज भरवसा धरायचा नाही. देवगाव रंगारीचा सांडू सकाळी सकाळी खव्याचं गाठोडं घेऊन यायचा. बाई चिमूटभर खवा तळहातावर अंगठ्यानं चोळायच्या, नाकाशी न्यायच्या आणि म्हणायच्या, सकाळच्या दुधात काल संध्याकाळचं मिसळलंस. सांडू आधी पोराबाळांच्या शपथा घ्यायचा आणि मग मुकाट्यानं गाठोडं परत बांधायचा. बावीस वर्षांत बाईंचं नाक चुकलं असं त्यालाही म्हणता आलं नव्हतं.

दुकान सासऱ्यांनी काढलेलं, निजामावरच्या पोलीस अ‍ॅक्शननंतर तिसऱ्या वर्षी. नवरा वारल्यावर चौदा वर्षं बाईंनीच ते ओढलं. त्या गल्ल्यावर आणि कय्युम भट्टीवर. कय्युम मिसरूड फुटायच्या आधी या दुकानात आला होता, आता त्याची दाढी पांढरी झाली होती. तो बाईंना भाबी म्हणायचा. पाक कितीही जमला तरी शेवटचा घाणा उतरवण्याआधी उलथनं बाईंच्या नाकापुढे धरल्याशिवाय त्याचं समाधान होत नसे. तीस वर्षं धुरात उभं राहून माझं नाक भट्टीनं खाल्लं, असं तो स्वतःच सांगायचा. बाईंचा मुलगा रामकिसन वाळूजच्या कंपनीत कामाला होता आणि तिकडंच बजाजनगरला राहायचा. बाई दुकानाच्या वरच्या दोन खोल्यांत एकट्या राहायच्या, आणि त्यांना त्याचं काही वाटत नव्हतं.

कोरोनाच्या पहिल्या वर्षी, ऑगस्टात, मिठाईवाल्यांच्या संघटनेचा माणूस कोऱ्या पाट्यांचा एक गठ्ठा देऊन गेला. सरकारचा नवा नियम आला होता. एक ऑक्टोबरपासून सुट्या मिठाईच्या प्रत्येक ट्रेपुढे पाटी लावायची आणि त्या पाटीवर, ही मिठाई कोणत्या तारखेपर्यंत खावी, ते लिहायचं. सोबत एक कागद होता. कलाकंद त्याच दिवशी संपवावा, बासुंदी-रबडी दोन दिवस, खव्याची बर्फी आणि पेढे चार दिवस, लाडू आठवडाभर. बाईंनी कागद वाचला आणि गल्ल्याखाली सारला. आजवर आपण गिऱ्हाइकाला शिळं दिलं नाही ते काय पाट्या वाचून, असं त्या जो येईल त्याला ऐकवत राहिल्या.

खडकेश्वरला राहणारे तात्यासाहेब हे त्यांचं जुनं गिऱ्हाईक. शाळेत शास्त्र शिकवून निवृत्त झालेले, बोलायला खडूस, पण दर गुरुवारी पावशेर पेढे न चुकता नेणारे. त्यांनी बाईंचं सगळं बोलणं ऐकून घेतलं आणि पिशवी उचलता उचलता म्हणाले, "नाक तुमचं चांगलं आहे, द्वारकाबाई. पण गिऱ्हाइकाला ते घरी नेता येत नाही."

बाईंनी त्यांचे पैसे गल्ल्यात जरा जोरातच टाकले.

सप्टेंबरात त्यांना ताप भरला. तपासणीत कोरोना निघाला आणि रामकिसननं त्यांना एका मंगल कार्यालयात उघडलेल्या कोविड सेंटरमध्ये नेऊन ठेवलं. ताप चार दिवसांत उतरला. सहाव्या दिवशी सफाईवाल्या बाईनं त्यांच्या खाटेखालून फिनाइलचा पोछा फिरवला. शेजारची पेशंट नाकाला पदर लावून उठून बसली. द्वारकाबाईंना काहीच कळलं नाही. त्यांनी खोल श्वास घेतला, पुन्हा घेतला. मग पिशवीतून साबणाची वडी काढली, खोबरेल तेलाची बाटली काढली, डब्यातली लोणच्याची फोड नाकाशी धरली. सगळं नुसतं थंड वारं. डॉक्टर म्हणाले, बऱ्याच जणांचं असं होतंय, दोन-चार आठवड्यांत परत येतो वास, काहींना जास्त दिवस लागतात.

बारा दिवसांनी बाई घरी आल्या त्या हे कुणाला न सांगताच. रामकिसनला सांगितलं असतं तर तो दुकान बंद करा म्हणून मागं लागला असता. कय्युमला सांगायचं तर जीभ रेटत नव्हती. ज्या नाकावर आयुष्यभर ताठ मानेनं बसलो तेच गेलं, हे भट्टीवरच्या माणसाला कोणत्या तोंडानं सांगायचं? येईल आठ दिवसांत, असं म्हणत त्यांनी ते मनाच्या तळाशी दाबून टाकलं.

एक ऑक्टोबरला पाट्या लागल्या. बाईंनी शाईच्या पेनानं ठळक अक्षरात तारखा लिहिल्या. दुसऱ्या दिवशी पाटी ओल्या फडक्यानं पुसली आणि एक दिवस पुढची तारीख टाकली. तिसऱ्या दिवशीही तेच. ट्रेत माल नवा असो की कालचा, पाटीवरची तारीख रोज सकाळी एका घरानं पुढं सरकायची. यात आपण काही वाईट करतोय असं त्यांना वाटत नव्हतं. पाटी सरकारसाठी होती, खरं काय ते आपलं आपल्याला कळतं, अशी त्यांच्या मनाची जुनी घडी बसलेली होती. पण आता त्यांना कळत नव्हतं, आणि हे एक सोडून बाकी सगळं त्यांच्या ध्यानात येत होतं.

त्या दिवसांत त्यांचं बूड एका जागी टिकेना. गल्ल्यावरून उठायच्या, काचेच्या कपाटापर्यंत जायच्या, ट्रे पुढं ओढायच्या, वाकायच्या, परत यायच्या. पाच मिनिटांनी पुन्हा उठायच्या. सांडूनं गाठोडं सोडलं की खवा अंगठ्यानं चोळायच्या, नाकाशी न्यायच्या आणि सांडूच्या तोंडाकडे बघायच्या. त्याची नजर चळली तर खवा परत करायच्या, नाही चळली तर ठेवून घ्यायच्या. कय्युम उलथनं पुढे करायचा तेव्हा क्षणभर थांबून मान डोलवायच्या. रात्री झोप लागायची नाही. पहाटे पहिलं काम म्हणजे वेलचीचा, हिंगाचा, मसाल्याचा डबा एकेक करून उघडणं आणि तसाच बंद करणं.

दसऱ्याच्या आठवड्यात, बुधवारी दुपारी, कय्युमला फोन आला. त्याची सासू देवगाव रंगारीला वारली होती. बायको अख्तरी रडत दुकानात आली आणि दोघं तसेच दुचाकीवर निघाले. जाताना कय्युमनं सांगितलं की सकाळच्या कलाकंदाचा एक ट्रे उरलाय, तेवढा आज संपवा. तीन दिवसांची सोय म्हणून त्यानं बन्सी नावाच्या म्हाताऱ्या कारागिराला सांगून ठेवलं. बन्सी सकाळी दोन तास यायचा, घाणे उतरवायचा, हात धुऊन निघून जायचा. बोलायचा नाही आणि विचारायचाही नाही.

बुधवारी तो ट्रे काढायचा राहूनच गेला. बाईंनी ट्रे फ्रिजमध्ये खाली ठेवला. गुरुवारी बन्सीनं नवा केला, तो बहुतेक गेला. शुक्रवारीही गेला. आणि दसऱ्याच्या आदल्या दिवशी, शनिवारी सकाळी, बाईंनी फ्रिज उघडला तेव्हा आत कलाकंदाचे दोन ट्रे होते. एक बन्सीनं तासाभरापूर्वी ठेवलेला. दुसरा कधीचा, हे त्यांना आठवेना. आजारानंतर डोक्यात असं धुकं यायचं, आत्ता हातात होतं ते सुटून जायचं. दोन्ही ट्रेंच्या पाट्यांवर रोजच्या सवयीनं त्यांनीच टाकलेली शनिवारची तारीख होती. दोन्ही सारखेच पांढरे, दोन्हींच्या कडा किंचित सुकलेल्या, कारण बन्सीच्या हातचा ताजा मालही कडेला सुकतोच.

बाहेर गिऱ्हाईक उभं होतं. एकानं हाक मारली. बाईंनी एक ट्रे नाकाशी नेला, मग दुसरा. पूर्वी झाकण हलताच कळलं असतं. दोन्ही ट्रे बाजूला ठेवावेत आणि कलाकंद नाही म्हणून सांगावं, हा विचार त्यांच्या मनात येऊन गेला. पुढे त्यांनी ही गोष्ट कधीच स्वतःपासून लपवली नाही, की तो विचार आला होता. पण बाहेरून पुन्हा हाक आली, आणि दसऱ्याच्या आदल्या दिवशी औरंगपुऱ्यातल्या मिठाईच्या दुकानात कलाकंद नाही असं सांगायला त्यांचं तोंड उघडेना. उजव्या हातातला ट्रे त्यांनी कपाटात लावला.

दुपारी बाराच्या सुमाराला कय्युम आला. सासूची तिसऱ्या दिवसाची जियारत आटोपून तसाच परत फिरला होता, सणाचा दिवस म्हणून. हात धुऊन त्यानं कपाटावरून नजर फिरवली आणि कलाकंदापाशी थांबला. तोंडावरचा मास्क खाली केला, एक तुकडा उचलला, मोडला, वास घेतला. मग उरलेला अर्धा परत ट्रेत न टाकता हातातच धरून उभा राहिला. दुकानात दोन बायका होत्या. त्या जाईपर्यंत तो थांबला.

"भाबी, ये मेरा माल है," तो म्हणाला. "दाणा माझ्या हातचा हाय. बुधवारचा."

बाईंची नजर पाटीवरच्या तारखेवर गेली.

"आंबलाय. माझ्या नाकाला कळतंय, तुमच्या कसं नाय कळलं?"

बाईंनी गल्ल्याच्या कडेला हात टेकला.

"मला वास येत नाय, कय्युम," त्या म्हणाल्या. "आजारी पडले तवापासनं. फिनाइलचा नाय, हिंगाचा नाय. कशाचाच नाय."

कय्युमनं त्यांच्याकडे पाहिलं. महिनाभर आपण उलथनं पुढे धरत होतो आणि या मान डोलवत होत्या, ते सगळं त्याच्या डोळ्यांपुढून गेलं असावं. पण त्यानं ते काढलं नाही. हातातला तुकडा कचऱ्याच्या डब्यात टाकला, ट्रे उचलून आत नेला आणि बाहेर येऊन एवढंच विचारलं की सकाळपासून कुणाकुणाला दिला.

बाईंनी बोटांवर मोजत आठवलं. गिऱ्हाइकांची नावं मात्र डोक्यातून गेली नव्हती. सात डबे गेले होते. गुलमंडीच्या कापडवाल्याकडे एक. समर्थनगरच्या शेजारणी-शेजारणींनी दोन. निराला बाजारच्या औषधवाल्यानं एक. तात्यासाहेबांनी, आज शनिवार असूनही, पाहुणे यायचे म्हणून एक. पदमपुऱ्याच्या भजनवाल्या बाईंनी एक. सातवा डबा नेणारीचं नाव त्यांना माहीत नव्हतं. तपकिरी बुरखा, पस्तिशीची बाई, पहिल्यांदाच आलेली. बोलता बोलता म्हणाली होती की वडील पंचवीस दिवस घाटीच्या सरकारी दवाखान्यात होते, आज त्यांना सुटी मिळतेय, त्यांना कलाकंद लई आवडतो.

हे आठवलं आणि बाई चप्पल घालायला लागल्या.

सणाच्या भर गर्दीत कय्युमनं शटर खाली ओढलं. शेजारचा भांडीवाला बघत राहिला. कय्युमच्या दुचाकीवर बाई मागे एका अंगाला बसल्या, मांडीवर ताज्या पेढ्यांचे डबे घेऊन, बदली द्यायला. गुलमंडीवर वाट मिळेना. झेंडूचे ढीग, आपट्याच्या पानांचे भारे, रिक्षा, हातगाड्या. बाईंना वाटत होतं उतरावं आणि पळत सुटावं. कय्युम सारखा सांगत होता, हलू नका, गाडी डगमगते.

कापडवाल्यानं डबा उघडलासुद्धा नव्हता. उद्याच्या पूजेसाठी त्यानं तो मोजपट्टीशेजारी ठेवला होता. काय झालं म्हणून त्यानं विचारलं, आणि बाईंनी रस्ताभर रचलेलं कारण तोंडात येऊनही सांगितलं नाही. माल जुना हाय, चुकून दिला, असं सरळ म्हणाल्या. पहिल्यांदा म्हणताना कान तापले. समर्थनगरला दुसऱ्यांदा म्हणाल्या. तिथं एका डब्यातले दोन तुकडे कमी होते आणि ते घरधन्यानं खाल्ले होते. बाईंनी त्याला स्वतः समोर बोलावून घेतलं आणि पोटात कसं वाटतं ते विचारलं. तो गोंधळून बरं आहे म्हणाला. औषधवाल्यानं डबा परत दिला आणि वर चार शब्द सुनावले. आम्ही औषधाच्या तारखा रोज तपासतो, तुम्हाला एक ट्रे तपासता येत नाही? बाईंनी ऐकून घेतलं. पदमपुऱ्याला डबा मिळाला.

खडकेश्वरला तात्यासाहेबांनी दार उघडलं तेव्हा डबा रिकामा झाला होता. पाहुणे आले नव्हते, म्हणून नवरा-बायकोनं मिळून दुपारच्या जेवणासोबत संपवला होता. त्यांच्या बायकोचं नाव भागूबाई. आपल्याला थोडा आंबूस लागला होता, पण ह्यांना सांगितलं तर ते म्हणाले दुकान द्वारकाबाईंचं आहे, असं त्यांनी सांगितलं. पाटीवर आजची तारीख होती, तात्यासाहेब म्हणाले, मी वाचूनच घेतला. मग बाईंनी पाट्यांचं सगळं सांगितलं. रोज तारीख पुढं कशी लिहीत होतो ते, आणि नाकाचंही. शास्त्राच्या मास्तरांनी रिकामा डबा उलटसुलट करून पाहिला. शेवटी त्यांनी विचारलं की अजून किती डबे बाकी आहेत.

"एक," बाई म्हणाल्या.

"मग इथं का उभ्या आहात?"

घाटीच्या दारात त्या दीड तास थांबल्या. सुटी झालेले लोक एकेक करून बाहेर पडत होते. कुणी खांद्याला धरून, कुणी चाकांच्या खुर्चीवर, सगळ्यांच्या तोंडावर मास्क, नुसते डोळे दिसायचे. तपकिरी बुरखा दिसला की बाई पुढं व्हायच्या, आणि ती दुसरीच कुणी निघायची. कय्युमनं आत जाऊन चौकशी केली, पण नावाशिवाय काय विचारणार. आज बत्तीस जणांना सोडलं, एवढंच कळलं. त्यानं लोटाकारंजा, बुढी लेन, जुना बाजार असे ओळखीचे मोहल्ले फिरून बघतो म्हटलं आणि फिरलाही, मशिदीजवळ दोघा-चौघांना सांगून ठेवलं. कुणाचा काही सांगावा आला नाही.

पुढचे आठ दिवस बाईंनी कसे काढले ते त्यांचं त्यांनाच माहीत. दसऱ्याचं सोनं द्यायला रामकिसन आला, तेव्हा आई चार घास खाऊन तिसऱ्यांदा खिडकीशी गेलेली त्यानं पाहिली आणि विचारलं. बाईंनी त्यालाही सांगून टाकलं. तो दुकान बंद करा म्हणाला, अपेक्षेप्रमाणे. पेपर आला की त्या आधी आतलं पान उघडायच्या, निधनाच्या बातम्यांचं.

दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी त्यांनी सगळ्या पाट्या पुसल्या. कय्युमला सांगितलं की घाणा उतरला की तारीख तू सांगायची, मी लिहायची, आणि लिहिलेली पाटी पुन्हा पुसायची नाही. ट्रे संपेल तेव्हाच पाटी निघेल. सांडूलाही गाठोड्यावर दूध तापवल्याचा दिवस लिहून आणायला सांगितलं. सांडूला ते झोंबलं. बावीस वर्षं माझ्या खव्याला तुमचं नाक पुरलं, आक्का, आता कागद मागता का, असं म्हणून तो गेला. बाईंनी त्याला नाकाचं खरं सांगितलं असतं तर तो कदाचित राहिला असता. पण त्याच्या पुढ्यात त्यांची जीभ अडलीच. तो गुलमंडीच्या दुसऱ्या दुकानात खवा घालू लागला, आणि बाईंनी कन्नडच्या एका दूध संघाचा खवा सुरू केला. तो सांडूच्या खव्याइतका रवाळ नव्हता. नेहमीच्या गिऱ्हाइकांना फरक कळला आणि काहींनी तो बोलूनही दाखवला.

नवव्या दिवशी, सोमवारी, दुपारी दुकान रिकामं असताना ती आली. तपकिरी बुरखा, हातात कापडी पिशवी. बाई उठून उभ्या राहिल्या. तिला यातलं काही माहीत नव्हतं. अर्धा किलो पेढे द्या म्हणाली, अब्बांची दुसरी तपासणी आज चांगली आली. मग आपणहून सांगत राहिली, बरेच दिवस कुणाशी बोललेलं नसलं की माणूस सांगतो तसं. त्या दिवशी घरी आल्यावर अब्बांनी हौसेनं कलाकंद खाल्ला. त्यांच्या तोंडाला चव नाही, नाकाला वास नाही, तरी मुलीनं आणला म्हणून तीन-चार तुकडे खाल्ले. संध्याकाळपासून जुलाब सुरू झाले. दोन दिवस थांबेनात. आम्हाला वाटलं बीमारी पलटली. परत घाटीत नेलं, परत त्याच वॉर्डाच्या बाहेर अम्मी फरशीवर बसली, आणि अब्बा म्हणत होते, आता मला आत ठेवू नका, तिकडून माणसं परत येत नाहीत. सलाइन लावलं आणि तिसऱ्या दिवशी सोडलं. डॉक्टर म्हणाले, पोट बिघडलं असेल, नाजूक झालंय सगळं.

कय्युम भट्टीपासून दोन पावलं पुढं आला होता. बाईंनी त्याच्याकडे बघितलं नाही. समोरच्या बाईला काही माहीत नव्हतं, आणि माहीत होण्याचं काही कारणही नव्हतं. पेढे तोलून दिले असते तर ती दुवा देऊन गेली असती.

"तुमचं नाव काय, बाई?" द्वारकाबाईंनी विचारलं.

"वहिदा."

"वहिदाबाई, तो कलाकंद तीन दिवसांचा जुना होता. वर पाटी त्याच दिवसाची होती, ती मीच लिहिलेली. मला वास येत नव्हता आणि मला शंका आलेली होती. तरी दिला. तुमच्या वडलांना जे झालं ते माझ्यामुळं झालं."

वहिदानं आधी समजलं नाही असं पाहिलं. मग तिच्या डोळ्यांतलं बदलत गेलं. बाईंना वाटलं ती ओरडेल, आणि ओरडली असती तर त्यांना बरं वाटलं असतं. वहिदा ओरडली नाही. घाटीच्या दारात आम्ही तुम्हाला शोधत होतो, दीड तास, असं कय्युम मागून उर्दूत सांगायला लागला, तर तिनं हात वर करून त्याला थांबवलं.

"अम्मी दोन रात्री फरशीवर बसली होती," ती म्हणाली. थोडं थांबून पुन्हा म्हणाली, "दोन रात्री."

तोललेले पेढे तिनं घेतले नाहीत. पिशवीची घडी केली, बुरखा सावरला आणि पायऱ्या उतरून गर्दीत गेली. बाई तिच्या मागे पायरीपर्यंत गेल्या आणि तिथंच थांबल्या.

वहिदा पुन्हा दुकानात आली नाही. तिचे वडील बरे असल्याचं कय्युमला महिन्याभरानं जुन्या बाजारात कळलं आणि त्यानं ते धावत येऊन सांगितलं. बाईंनी त्याला दुसऱ्यांदा सांगायला लावलं.

रामकिसनच्या आग्रहानं त्या घाटीत नाकाच्या डॉक्टरांनाही दाखवून आल्या. रोज सकाळ-संध्याकाळ लवंग, लिंबू, गुलाबपाणी आणि निलगिरी यांचा एकेक करून वास घ्यायचा, असं त्यांनी सांगितलं, येवो न येवो. बाईंनी ते पोथीसारखं पाळलं. फेब्रुवारीत एका सकाळी लवंग आली, अगदी लांबून. पंधरा दिवसांनी लिंबू आलं, पण कडवट, जळक्या रबरासारखं. पुढच्या गणपतीपर्यंत बरंचसं परत आलं. दूध मात्र आलं नाही. तापतं दूध, आटतं दूध, खवा, त्यांच्या नाकाला सगळं कोऱ्या पाण्यासारखंच राहिलं. डॉक्टर म्हणाले, वाट बघा. बाईंनी वाट बघणं सोडलं नाही, पण त्या आशेवर दुकान चालवणं सोडलं.

त्याआधीची, त्या दसऱ्यामागून आलेल्या दिवाळीची गोष्ट. पाडव्याच्या आदल्या संध्याकाळी बर्फीचा जवळजवळ भरलेला एक ट्रे उरला होता आणि पाटीवर त्याच दिवसाची तारीख होती. कय्युमनं एक वडी खाऊन बघितली. उद्या पाडवा आणि भाऊबीज एकाच दिवशी, सकाळी दोन तासांत हा ट्रे हातोहात जाईल, असं त्याचं म्हणणं पडलं. माल चांगला हाय, भाबी, माझ्या जबानवर जा. बाईंनीही एक वडी तोंडात टाकली. त्यांना नुसतं गोड लागलं. त्या ट्रेभोवती दोन फेऱ्या घालून आल्या, गल्ल्यावर बसल्या, पुन्हा उठल्या. कय्युम खरं बोलत होता याची त्यांना खात्री होती. बर्फी चांगलीच असणार. अशी चांगली बर्फी टाकून दिलेली सासऱ्यांनी बघितली असती तर ते आठ दिवस बोलले नसते.

दिवे लागले, रस्त्यावर फटाके वाजायला लागले. बाईंनी सात वाजता ट्रे कपाटातून काढला, पाटी पुसली आणि कय्युमला म्हणाल्या की कामावरच्या सगळ्यांनी आजच्या आज खायची असेल तर घ्या, उरलेली टाका. तो काही वेळ पुटपुटत राहिला. मग त्यानं कढई घासायला घेतली आणि पाठमोराच विचारलं, "उद्या कितीचा घाणा लावू?"

बाईंनी रस्त्यावरच्या गर्दीकडे पाहिलं. अंदाज त्यांना येत नव्हता, आणि येत नाही हे म्हणायला त्या आता शिकत होत्या.

"निम्मा लाव," त्या म्हणाल्या. "संपला तर दुपारून परत लावू."